हिस्सा नको म्हणायचाय, पण दादाच्या कागदावर सही करू का?

सोनचाफा (४ मे, रात्री ११:४०)

लोकहो, इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी लिहितेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा फेब्रुवारीत गेले. मुलुंड पूर्वेला त्यांचा वन बीएचके आहे, ८७ साली स्वतःच्या पगारातून आणि पतपेढीच्या कर्जातून घेतलेला. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी दादा. आम्ही तिघं भावंडं: नाशिकची ताई, दादा आणि मी शेंडेफळ. आई ७६ वर्षांची. दादा-वहिनी तिथेच राहतात. बाबांच्या डायलिसिसची चार वर्षं वहिनीने काढली. मी बदलापूरहून रविवारी जाऊन डबा देऊन यायचे, तेवढंच. त्यामुळे मला हिस्सा नको, हे माझं आधीच ठरलंय. त्यावर वाद घालू नका प्लीज.

गेल्या रविवारी दादाने जेवणाच्या टेबलावर कागद ठेवले. हिरवट लेजर पेपर, चार पानं, वर ‘हक्कसोडपत्र’. सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या. एक ताईच्या नावापुढे, एक माझ्या, आणि तिसरी आईच्या. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, “मी पण?” दादा म्हणाला, “अगं, फॉर्मॅलिटी आहे ती.” मग कुणी काही बोललंच नाही. वहिनीने चहा आणला.

माझा चष्मा घरी राहिलाय असं खोटंच सांगून मी कागद पिशवीत टाकले आणि ट्रेन पकडली.

विचारायचंय ते असं. मला नको आहे, तर नुसतं ‘नको’ असं पत्र देऊन चालत नाही का? नॉमिनी दादाच आहे, मग आमच्या सह्या कशाला? आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: “तसेच मातोश्रींच्या पश्चात मला प्राप्त होणारा हक्कही मी आजच कायमचा सोडून देत आहे.” हे काय आहे? शिवाय बाबांचं एक पर्सनल लोन थोडं बाकी आहे, वसुलीवाले मलाही फोन करतात.

नवरा म्हणतो तुझं तू बघ. सासूबाई म्हणाल्या, “मी सोडला होता. साडीचोळी मिळाली. साडी विरली.”

मुलुंडकर_जुना (५ मे, सकाळी ७:०५)

नॉमिनी दादा म्हणजे फ्लॅट दादाचा. विषय संपला. मी नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. उगाच वकिलांचे खिसे भरू नका.

काळाकोट (५ मे, सकाळी ९:५०)

सेक्रेटरीसाहेब, तुमच्यासारखे सेक्रेटरी आहेत म्हणून आमची दुकानं चालतात. 🙂

नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा तो माणूस. मालक नव्हे. इंद्राणी वाही खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर करावेत, पण मालकी कोणाची हे वारसांनी आपापसात सोडवायचं. शेअर-डिबेंचरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालातही तेच: नॉमिनेशनने वारसाहक्क डावलला जात नाही. आणि आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १५४ब-१३ वाचा. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख, यावरून हस्तांतर. नुसता नॉमिनी असेल तर तो तात्पुरता सभासद. म्हणून दादाला सह्या हव्यात. तो कायद्याने बरोबर चाललाय, एवढं त्याचं कौतुक करा.

सोनचाफा, आता तुमच्यासाठी. नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही. बाबा गेले त्याच क्षणी तुमचा हिस्सा तुमच्याकडे आला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगे, मुली हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, प्रत्येकी एक वाटा. म्हणजे आई पाव, ताई पाव, दादा पाव, तुम्ही पाव. कायद्याने तुम्हाला विचारलं नाही, देऊन टाकलं. आता तो पाव हिस्सा हातातून जायचा तर दस्तच करावा लागतो, आणि स्थावर आहे म्हणून तो १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावाच लागतो. पोस्टकार्डावर ‘मला काही नको, सुखी राहा’ लिहिलंत तर भावना पोचतील, हक्क जाणार नाही.

ते तिसऱ्या पानावरचं वाक्य हास्यास्पद आहे, आणि धोक्याचंही. आई हयात आहे. तिच्या पश्चात तुम्हाला काही मिळेल ही आज नुसती आशा आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. एकच फट आहे. पुढचा हक्क सोडण्याबद्दल पैसे घेतले असतील तर न्यायालय नंतर ‘आता कशाला आलात’ म्हणू शकतं. २०२३ च्या एलुमलाई निकालात मुलाने वडील जिवंत असताना मोबदला घेऊन हक्क सोडला होता. पुढे त्याच्या मुलांनी हिस्सा मागितला, त्यांनाही नकार मिळाला. तेव्हा त्या वाक्याच्या आसपास रकमेचा आकडा आहे का, ते बघा.

सोनचाफा (५ मे, दुपारी १:१५)

बघितलं. “रु. ५१,००० रोख मिळाले व पोचले” असं आहे. मला एक पैसा मिळालेला नाही!

काळाकोट (५ मे, दुपारी १:२२)

सही करू नका. या मसुद्यावर तरी नाही.

शुभाताई_दादर (५ मे, दुपारी ३:००)

दादा वाईट असेलच असं नाही गं. हे टायपिस्ट लोक जुना मसुदा उघडतात, नावं बदलतात, छापतात. आमच्या वेळी मसुद्यात शेजारच्या बिल्डिंगचा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) आला होता.

पण आईच्या नावापुढची फुली टायपिस्टने नाही केली.

काळाकोट (५ मे, रात्री १०:३०)

कोर्टातून आत्ता आलो. शुभाताईंनी नेमकं बोट ठेवलं.

आईने हक्क सोडणं आणि मुलीने सोडणं या एका वजनाच्या गोष्टी नाहीत. मुलीला दुसरं घर आहे. आईचं आहे तेच घर. आज ती त्या घराची पाव मालकीण आहे. सही केल्यावर मुलाच्या घरी राहणारी आई. मुलगा चांगला असेल. पण मुलगा आईच्या आधी गेला तर? तर ते घर सून, नातवंडं आणि आईत वाटलं जाईल, आणि आईला स्वतःच्याच घरात वाटा मागत बसावं लागेल.

माझ्या अशिलांना मी सांगतो, आईला सोडायला लावू नका. लावायचंच असेल तर दस्तातच लिहा की मुलाने तिचा सांभाळ करायचा, तिला मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर, न्यायाधिकरणाकडून परत मिळू शकते. अट लिहिलेली नसली की भांडण अवघड होतं. २०२२ च्या छिकारा निकालात अट दाखवता आली नाही म्हणून आईला दिलासा नाही मिळाला. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात न्यायालयाने हात जरा सैल केला, पण तिथेही सांभाळाचा लेख होता. तेव्हा लिहूनच घ्या.

वसुली_सोसलेला (६ मे, सकाळी ८:१०)

लोनचं मी सांगतो, दोन वर्षं हे फोन खाल्लेत.

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर वडिलांचं कर्ज तुमच्या पगारातून कोणी मागू शकत नाही. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ५० आणि ५२ आहे, तेवढे आकडे फोनवर उच्चारा, समोरचा आवाज बदलतो. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं पुण्यकर्म, म्हणून तो बांधील, असं पूर्वी धर्मशास्त्राच्या आधारे मानायचे. २००५ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या त्या आधारावर वसुली करता येत नाही.

म्हणजे कर्जाच्या भीतीने वारसा सोडायची गरज नाही. पण कर्ज फ्लॅटमधून वसूल होऊ शकतं, त्यामुळे हक्कसोडाच्या आधी बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घ्या आणि दादाने ते भरायचं हे ठरवून टाका.

दुकान_बंद (६ मे, सकाळी ११:४५)

धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्यावर व्यवसायाची देणी आहेत. वडिलांच्या घरातला हिस्सा मी भावाच्या नावे सोडला तर बँकेच्या हाती लागणार नाही ना?

काळाकोट (६ मे, दुपारी १२:०५)

हा प्रश्न असा जाहीर लिहू नका हो. देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतरण ते कोर्टात रद्द करून घेऊ शकतात, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३. आणि भाऊही अडकतो.

न्यूजर्सीकर_बंड्या (६ मे, रात्री ९:२०)

इकडून माझा अनुभव, कारण दोन देशांच्या कायद्यांची मी मस्त भेळ केली होती.

अमेरिकेत वारसा खरंच ‘नाकारता’ येतो. डिस्क्लेमर म्हणतात. मृत्यूपासून नऊ महिन्यांच्या आत लेखी द्यायचा, त्या मालमत्तेचा आधी काही फायदा घेतलेला नसावा, आणि पुढे ती कोणाला जाईल हे तुम्ही सांगायचं नाही. तुम्ही आधीच वारलात असं धरून वाटणी होते, म्हणजे बहुतेकदा वाटा तुमच्याच मुलांकडे जातो. कर वाचवायला लोक हे ठरवून करतात: आजोबांचं नातवंडांना, मधला बाप म्हणतो मी नाही.

माझे वडील गेले तेव्हा वाटलं, गोरेगावचा आपला हिस्सा नाकारावा, मुलीला जाईल. वकिलाने फोनवर मला समजावेपर्यंत इकडे पहाट झाली. आपल्याकडे मी सोडला की तो सहहिस्सेदाराकडे जातो, म्हणजे भावाकडे. माझी मुलगी त्यात कुठेच नाही. मुलीला द्यायचं असेल तर आधी घ्यायचं आणि मग बक्षीसपत्र करायचं. शेवटी भावालाच सोडला, मुलगी म्हणाली मला गोरेगावचं काय करायचंय.

इथून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. माझं पहिलं पत्र भावाच्या कपाटात पाच महिने पडलं. दुसरं करावं लागलं.

काळाकोट (६ मे, रात्री ९:५५)

बंड्याभाऊंनी माझं काम केलं. एक पुस्ती: हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या नावे होतं. भाऊ हयात असताना पुतण्याच्या किंवा वहिनीच्या नावे ‘हक्कसोड’ लिहिलंत तर नाव काहीही असो, ते बक्षीसपत्र किंवा खरेदीखत धरून मुद्रांक मागतील.

टॅक्सचा_टॉवेल (७ मे, सकाळी १०:००)

मुद्रांकाचं सांगतो, कारण लोक इथेच फसतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२(अ) खाली भाऊ, बहीण, आई, वडील, मुलं, नवरा-बायको यांच्यातलं वडिलोपार्जित मालमत्तेचं हक्कसोड नाममात्र मुद्रांकावर होतं. आधी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५००. नोंदणीचा खर्च आणि पानामागे हाताळणी शुल्क वेगळं. तोच हिस्सा बहिणीने भावाला बक्षीसपत्राने दिला तर बाजारमूल्यावर ३ टक्के आणि मुंबईत मेट्रोचा अधिभार वर. मुलुंडच्या फ्लॅटच्या पाव हिश्शावर हिशेब करून बघा, डोळे पांढरे होतील.

पण मेख ‘वडिलोपार्जित’ शब्दात आहे. बाबांनी स्वतः घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित का, यावर एका टेबलाचं मत दुसऱ्या टेबलाशी जुळेलच असं नाही. शंका असेल तर आधी अभिनिर्णयाला टाका, म्हणजे मुद्रांक किती ते खात्याकडूनच आधी ठरवून घ्या, कलम ३१. वेळ जातो, पण नंतर फरकाची नोटीस येण्याची भीती बरीच कमी होते.

आणि ते ५१,००० रोख! मोबदला लिहिला की तो विक्रीसारखा व्यवहार. न मिळालेल्या पैशावर भांडवली नफ्याचा प्रश्न ताईच्या आणि तुमच्या मानगुटीवर. खरंच पैसे घेणार असाल तर बँकेतून घ्या आणि खरा आकडा लिहा. जुनं घर असल्यामुळे २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, आणि २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्यामुळे १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी ते.

रेघोटी (७ मे, सकाळी १०:४०)

सगळे मुद्रांकावर घसरलेत. कुणी विचारणार आहे का की दरवेळी ‘मला नको’ हे बहिणीच का म्हणतात? ‘दादाने आईबाबांना सांभाळलं’ म्हणे. तो बाबांच्या घरात बिनभाड्याचा राहिलाही.

सोनचाफा (७ मे, सकाळी ११:३०)

रेघोटी, राग समजतो. ताईही हेच म्हणते, ती सही करणार नाहीये. ती तिच्या जागी बरोबर आहे. पण बाबांचं अंथरूण मी एकदाही बदललेलं नाही. वहिनीने रोज बदललं. तो हिशेब माझा मी करतेय, सगळ्या बहिणींसाठी नाही.

रेघोटी (७ मे, सकाळी ११:४२)

मग वहिनीच्या नावे कर. दादाच्या का?

सोनचाफा (७ मे, सकाळी ११:४४)

...

(काळाकोट म्हणाले ना, वहिनीच्या नावे होत नाही. पण प्रश्न लागला.)

संगमेश्वरी (७ मे, रात्री ८:१५)

गावच्या जमिनीची वेगळी तऱ्हा सांगतो. मुंबईकरांना हे माहीत नसतं आणि सगळ्यात जास्त तेच अडकतात.

आमच्या दोन आत्यांनी ७४ साली तलाठ्यापुढे जबाब दिला, ‘आम्हांस हिस्सा नको, भावांची नावे ठेवावीत.’ अंगठे उमटवले. फेरफार झाला, सातबारावर फक्त काका लोक. पन्नास वर्षं कोणी काही बोललं नाही. मग महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीची पट्टी गेली आणि मोबदल्याची नोटीस आली. आत्या केव्हाच गेल्या होत्या. त्यांची नातवंडं उभी राहिली, एक डोंबिवलीचा, दोन सुरतेचे. म्हणाले, नोंदवलेला दस्त दाखवा. दस्त नव्हता, जबाब होता. फेरफार ही महसुलाची नोंद, तिने मालकी जात नाही की येत नाही, हे तेव्हा पाठ झालं.

आत्यांनी मनापासून सोडलं होतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सुरतवाल्यांनासुद्धा. पैसे अजून जमा आहेत, कोणालाच मिळालेले नाहीत.

सोनचाफा, तुमच्या बाबांची गावाला काही जमीन असेल तर तिचा आत्ताच विचार करा. मुलुंडच्या हक्कसोडात ती आपोआप येत नाही. दस्तात लिहिलेलीच मालमत्ता सुटते.

पागडीवाला (७ मे, रात्री ९:०५)

गिरगावातून. आमच्याकडे मालकीच नाही तर सोडणार काय! पागडीच्या खोलीत भाडेकरू गेला की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. तसं कोणी नसेल तर वारसांनी आपापसात ठरवायचं, नाहीतर कोर्ट ठरवेल. पावती बदलायला घरमालक काय मागतो, तो वेगळा धागा काढू. माझ्या वडिलांनी मृत्युपत्रात खोली धाकट्याला दिली होती. कागद छान होता, लॅमिनेशन केलेला. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगून ठेवलंय.

काकांचा_गाळा (८ मे, दुपारी २:३०)

मृत्युपत्राने मिळालेलं नाकारता येतं का? काकांनी मला भिवंडीचा गाळा ठेवलाय, त्यावर थकबाकीचा डोंगर. आणि वेगळ्या कलमात एक मुदत ठेव. ठेव हवी, गाळा नको. 😀

काळाकोट (८ मे, संध्याकाळी ७:१०)

हसताय, पण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात याचं थेट उत्तर आहे, आणि उदाहरणंही चक्क तशीच. एकाच देणगीत गोड-कडू एकत्र असेल तर सगळं घ्या किंवा सगळं सोडा, कलम १२२. तिथल्या उदाहरणात एकाला भरभराटीच्या कंपनीचे शेअर्स मिळतात आणि बुडत्या कंपनीचेही. तो बुडती घेत नाही म्हणतो, म्हणून चांगलीही जाते. पण दोन देणग्या स्वतंत्र असतील तर एक घेऊन दुसरी सोडता येते, कलम १२३. तिथलं उदाहरण भाडेपट्ट्याच्या तोट्यातल्या घराचं आणि रोख रकमेचं आहे, घर सोडून पैसे घेता येतात. तुमची ‘वेगळी कलमं’ खरोखर स्वतंत्र आहेत का, ते मृत्युपत्र वाचल्याशिवाय कोणी सांगू नये. मीही नाही.

मृत्युपत्र लिहिणाऱ्यांनो, यातून एवढं घ्या: ‘अमुकने घेतलं नाही तर तमुकला’ अशी एक ओळ टाका. फुकट असते.

लेकुरवाळी (८ मे, रात्री १०:००)

माझे मिस्टर गेले, मग सासरे. दीर म्हणतात मुलांचा हिस्सा तू आई म्हणून सोडून दे. मुलं ९ आणि १३ वर्षांची.

काळाकोट (८ मे, रात्री १०:०८)

ताई, नाही. अज्ञान मुलाचा स्थावरातला हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. दिरांना एवढंच सांगा. जास्त बोलू नका, कुठेही सही करू नका, आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शुभाताई_दादर (९ मे, सकाळी ६:५०)

रात्रभर डोक्यात घोळत होतं. सोनचाफा, तू दादाला सोडतेयस, तर आईला का नाही सोडत? आईही सहहिस्सेदारच आहे ना. तुझा पाव तिच्यात गेला की तिचं अर्धं घर. मग दादाने कितीही फुल्या मारू देत.

काळाकोट (९ मे, सकाळी ९:१५)

शुभाताई, वकिलीची सनद घ्या तुम्ही.

हे होतं. आईच्या नावे हक्कसोड त्याच ५२(अ) मध्ये बसतं. पण पुढचं गणित बघून ठेवा. आई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं अर्धं तिन्ही मुलांत सारखं, म्हणजे सोनचाफांना सहावा हिस्सा परत! आज सोडलेलं उद्या दारात येऊन उभं. तेव्हा पुन्हा ‘नको’ म्हणायला पुन्हा दस्त, आणि तोवर त्या नसतील तर त्यांच्या मुलांना. म्हणून सोबत आईचं मृत्युपत्र हवं. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करा, दोन साक्षीदार, त्यात लाभार्थी नको. आणि मृत्युपत्र आईने स्वतःच्या मनाने करायचं. दादाच्या नाही, तुमच्याही नाही.

एक कडू घोट: नोंदवलेलं हक्कसोड मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव होता असं म्हणायचं तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दावा, आणि सिद्ध तुम्हीच करायचं. ‘तेव्हा भाऊ चांगला होता’ हे कारण कोर्टात चालत नाही.

मुलुंडकर_जुना (९ मे, सकाळी ९:४०)

१५४ब-१३ वाचलं. शब्द मागे घेतो. आमच्या सोसायटीत तीन फ्लॅट असे केलेत, आता झोप लागणार नाही.

सोनचाफा (२१ ऑगस्ट, रात्री १०:१५)

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

दादाशी बोलायला मी मुद्दाम मंगळवारी गेले, वहिनी ऑफिसला असताना. म्हटलं, मी सोडतेय, पण आईला. तो गप्प झाला. मग म्हणाला, “माझ्यावर विश्वास नाही?” मी म्हटलं, “आहे. म्हणूनच तुला काय फरक पडतो?” त्यावर पंधरा मिनिटं तो बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता, जी वहिनीने सकाळीच घातली होती. परत आल्यावर ते ५१,००० चं वाक्य दाखवलं. त्याने खरंच वाचलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शुभाताई, टायपिस्टबद्दल तुम्ही बरोबर होतात. फुलीबद्दल मी विचारलं नाही.

नवा मसुदा दोन पानी. अभिनिर्णयाला टाकला, त्यात दोन महिने गेले. नोंदणीला आईला रिक्षाने नेलं, टोकन घेऊन दीड तास बसलो. ऑपरेटरने आईचा अंगठा तीनदा घेतला, उमटेचना. “आजी, भांडी घासून रेषा गेल्या तुमच्या,” म्हणाला. आईने पदराने अंगठा पुसला आणि जोर लावून दाबला. मग तिने त्याला सांगितलं, आता माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. त्याने वाचलं: लिहून घेणार, म्हणजे हक्क जिच्याकडे येतो ती. तिने परत वाचायला लावलं.

ताईने सही केलेली नाही. तिचा पाव तिच्याकडे. ती आणि दादा फोनवर बोलतायत, सध्या तेवढं पुष्कळ आहे. लोनची बाकी दादा भरतोय. बँकेतल्या ठेवीसाठी मात्र आम्ही दोघींनीही आईच्या बाजूने पत्र दिलं. गंमत म्हणजे तिथल्या छापील फॉर्मवर ‘डिस्क्लेमर’च लिहिलेलं होतं. बंड्याभाऊ, आपल्याकडेही आहे, फक्त बँकेच्या काउंटरवर.

आईने मृत्युपत्र केलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू आणि तिचे डॉक्टर होते. काकू काही सांगत नाहीत, फक्त हसतात.

टॅक्सचा_टॉवेल (२१ ऑगस्ट, रात्री १०:३०)

५०० मध्येच झालं ना?

सोनचाफा (२१ ऑगस्ट, रात्री १०:३४)

हो, ५००. फोटो मात्र भयाण आलाय, दस्तावर कायमचा.

रेघोटी (२१ ऑगस्ट, रात्री १०:५०)

साडीचोळी?

सोनचाफा (२१ ऑगस्ट, रात्री १०:५२)

आईने घेतली. नारायणपेठ, दोन. दुसरी वहिनीला.